क्लीव्ड कॅस्पेज-३ अँटिबॉडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीजरमधली क्लीव्ड, म्हणजे कापलेलं, कॅस्पेज-३ ओळखून त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीची ही एवढीशी बाटली, पण तिच्याबद्दल जितकी विचारणा होते तितकी आमच्या लॅबमधल्या कुठल्याच दुसऱ्या अँटिबॉडीबद्दल होत नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलं, नव्याने लागलेले जेआरएफ, शेजारच्या विभागातून ब्लॉटचा (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रोटीन्स मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधायच्या 'वेस्टर्न' चाचणीचा) फोटो पाठवणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उत्तरं सशात तयार केलेल्या आणि अ‍ॅस्पार्टेट-१७५ पाशी कापलेलं टोक ओळखणाऱ्या अँटिबॉडीबद्दलची आहेत. तुमचा क्लोन (अँटिबॉडीचा वाण) वेगळा असेल तर त्याची डेटाशीट हीच आधी प्रमाण माना.

१. कॅस्पेज-३ म्हणजे काय आणि ते 'क्लीव्ड' असणं एवढं महत्त्वाचं का?

कॅस्पेज ही प्रोटीन कापणारी एन्झाइम्स. त्यांच्या कामाच्या जागी सिस्टीन असतं आणि ती समोरच्या प्रोटीनला अ‍ॅस्पार्टेटच्या लगेच पुढे कापतात. नावही त्यावरूनच पडलं. कॅस्पेज-३ ही त्यांच्यातली मुख्य कात्री. अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या शिस्तीत होणाऱ्या मरणात, शेकडो प्रोटीन्स तीच कापते.

पण ही कात्री प्रत्येक निरोगी पेशीत आधीपासून पडून असते, फक्त म्यानात. माणसातलं पूर्ण प्रोटीन २७७ अमिनो आम्लांचं असतं. कॅस्पेज-८ किंवा कॅस्पेज-९ त्याला १७५व्या अ‍ॅस्पार्टेटपाशी कापतं, पुढे २८व्या अ‍ॅस्पार्टेटपाशीही काप पडून सुरुवातीचा तुकडा गळतो. मग सुमारे १७ केडीएचे (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं एकक) दोन मोठे आणि १२ केडीएचे दोन लहान तुकडे मिळून चालू एन्झाइम बनतं. म्हणजे पेशीत कॅस्पेज-३ आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते कापलं गेलंय का, हा खरा प्रश्न.

एक गंमत. १९९४-९५च्या सुमारास हे प्रोटीन वेगवेगळ्या गटांच्या हाती लागलं आणि प्रत्येकाने आपापलं बारसं केलं. कोणी सीपीपी३२, कोणी अपोपेन. विश्वा दीक्षित यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९९५ साली त्याला चक्क 'यम' म्हटलं. १९९६ मध्ये सगळ्या कुटुंबाला 'कॅस्पेज' हे एकच आडनाव मिळालं आणि यमराज निवृत्त झाले. मला जुनंच नाव जास्त आवडतं.

२. कॅटलॉगमध्ये 'कॅस्पेज-३' आणि 'क्लीव्ड कॅस्पेज-३' अशा दोन वेगळ्या अँटिबॉडी दिसतात. कोणती मागवू?

'कॅस्पेज-३' किंवा 'टोटल' लिहिलेली बहुतेकदा पूर्ण प्रोटीनही पकडते आणि एखादा तुकडाही. तो तुकडा मोठा की लहान, हे ती कुठल्या भागाविरुद्ध बनवली आहे त्यावर ठरतं. १२चा तुकडा पकडणारी घेऊन १७ला बँड शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

'क्लीव्ड' लिहिलेली अँटिबॉडी काप पडल्यावर उघडं झालेलं टोक पकडते. अखंड प्रोटीनमध्ये ते टोकच नसतं, त्यामुळे अखंड प्रोटीन तिला दिसत नाही. ती प्रोटीन नाही ओळखत, काप ओळखते. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

पैसे एकीपुरतेच असतील आणि टिश्यूवर किंवा मायक्रोस्कोपखाली काम असेल तर क्लीव्डच घ्या. तिथे आकारमान दिसत नाही, नुसता रंग दिसतो, आणि टोटल अँटिबॉडीने जिवंत पेशीही रंगतात. फक्त वेस्टर्न करणार असाल तर दोन्ही तुकडे दाखवणारी चांगली टोटल अँटिबॉडीही चालून जाते. परीक्षकांसमोर मात्र दोन्ही असलेल्या बऱ्या.

३. ब्लॉटवर बँड नेमका कुठे यायला हवा? मला दोन दिसतात, काही चुकलं का?

काही चुकलं नाही. १९ आणि १७ केडीएला जोडी दिसणं हेच अपेक्षित आहे. आधी १७५चा काप पडतो, तेव्हा मोठ्या तुकड्याला सुरुवातीचा भाग चिकटलेला असतो, तो १९च्या आसपास. तो भाग गळला की १७. दोन्हींचं कापलेलं टोक एकच, म्हणून अँटिबॉडी दोन्ही पकडते. पूर्ण प्रोटीन ३२ ते ३५ केडीएला येतं, पण ते पाहायला टोटल अँटिबॉडी लागते.

एवढा लहान तुकडा टिकवायचा तर १२ ते १५ टक्क्यांचं जेल करा आणि डाय फ्रंट बाहेर जाऊ देऊ नका. मेंब्रेन ०.२ मायक्रॉनचं घ्या. ०.४५च्या मेंब्रेनमधून लहान प्रोटीन आरपार निघून जाऊ शकतं. मोठ्या प्रोटीनसाठी ठेवलेला रात्रभराचा ट्रान्स्फर इथे नको.

४. पॉझिटिव्ह कंट्रोल (बँड यायलाच हवा असा नमुना) म्हणून काय ठेवू?

जुर्कॅट किंवा हेला (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या) पेशींना अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन, १ मायक्रोमोलर, ३ ते ६ तास. स्वस्त, वेगवान, भरवशाचं. जुर्कॅटला २५ मायक्रोमोलर इटोपोसाइड रात्रभर दिलं तरी चालतं. हे लायसेट (पेशी फोडून काढलेलं द्रव) एकदाच भरपूर बनवून, लोडिंग बफरमध्ये उकळून, छोट्या छोट्या नळ्यांत उणे २० किंवा उणे ८० ला ठेवा आणि प्रत्येक जेलमध्ये एक लेन त्याला द्या. 'या वेळी जागा नव्हती' हे कारण मी ऐकून घेत नाही. कंट्रोल नसलेल्या कोऱ्या ब्लॉटवरून पेशीत काप नव्हता की ट्रान्स्फर बिघडला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

टिश्यूसाठीच्या कंट्रोलबद्दल प्रश्न ११ पाहा.

५. औषध दिल्यावर पेशी मरताना डोळ्यांनी दिसतात, पण ब्लॉटवर काहीच येत नाही. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अँटिबॉडीत नसतं, सिंकमध्ये असतं.

चिकटून वाढणाऱ्या पेशी मरायला लागल्या की गोल होतात, सुटतात आणि मीडियात तरंगतात. आपण सवयीने मीडिया ओततो, पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुतो आणि तळाला चिकटून राहिलेल्या, म्हणजे धडधाकट पेशींचं लायसेट करतो. जे शोधायचं तेच गटारात. माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तब्बल दोन महिने हेच करत होते. अँटिबॉडी खराब आहे असं सांगून नवी मागवली, तीही कोरी आली. शेवटी बाजूच्या बाकावरच्या सीनियरने विचारलं, "मीडिया कुठे टाकतेस?" आणि मला रडू आलं.

म्हणून आधी मीडिया नळीत काढा. धुतलेलं पीबीएसही त्यातच. ट्रिप्सिन वापरलंत तर तेही त्यातच. तळाच्या पेशी सोडवून त्यात मिसळा, ३०० जीला ५ मिनिटं फिरवा, थंड पीबीएसने एकदा धुवा आणि सगळ्या पेलेटचं एकत्र लायसेट करा. बर्फावर.

हे करूनही कोरंच असेल तर या क्रमाने पाहा. पॉझिटिव्ह कंट्रोलची लेन आली का? तीही कोरी असेल तर दोष जेल, ट्रान्स्फर किंवा अँटिबॉडीत (प्रश्न ३, ९ आणि १७). कंट्रोल आला पण नमुना कोरा असेल तर वेळ चुकली असेल (प्रश्न ७), पेशींत कॅस्पेज-३च नसेल (प्रश्न ६), किंवा पेशी दुसऱ्याच वाटेने मरत असतील. नेक्रॉप्टोसिस आरआयपीके३ आणि एमएलकेएल या प्रोटीन्सच्या मार्गाने होतो, फेरॉप्टोसिस लोहामुळे मेदाचं ऑक्सिडेशन होऊन. या दोन्हींना कॅस्पेज-३ची गरज नाही. तेव्हा कोरा ब्लॉट हेच तुमचं खरं उत्तर असू शकतं. आणि ते लपवण्यासारखं नाही.

प्रोटीन किती टाकलंत तेही पाहा. एका लेनमध्ये ३० ते ४० मायक्रोग्रॅम टाका. मरणाऱ्या पेशी शंभरात दहाच असतील तर १० मायक्रोग्रॅममध्ये त्यांचा आवाज येणार नाही.

६. एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशींमध्ये कितीही डोस दिला तरी बँड नाही. पेशी चुकीच्या आल्या का?

पेशी बहुधा बरोबरच आहेत. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ नसतंच. त्यांच्या जीनच्या तिसऱ्या एक्झॉनमधल्या ४७ बेस जोड्या गळालेल्या आहेत, त्यामुळे प्रोटीन तयार होत नाही. हे १९९८ सालीच छापून आलंय. तरी स्तनाच्या कर्करोगावर प्रोजेक्ट म्हटलं की पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून एमसीएफ-७ आणायची, वनस्पतीचा अर्क टाकायचा आणि कॅस्पेज-३ शोधायचं, हा क्रम दरवर्षी कुठे ना कुठे होतोच. सिनॉप्सिस लिहितानाच कोणी अडवलं तर एका विद्यार्थ्याचं सेमिस्टर वाचेल.

या पेशी अपॉप्टोसिसने मरतात, पण कॅस्पेज-७ सारख्या इतरांच्या जोरावर. म्हणून त्यांच्यात क्लीव्ड कॅस्पेज-७ किंवा पार्प पाहा. पार्प हे कॅस्पेज कापतात ते एक प्रोटीन, ११६ केडीएचं असतं, कापल्यावर ८९चा तुकडा मिळतो. डीएनएची शिडी मात्र या पेशींत नीट पडत नाही. उलट बाजूने पाहिलं तर एमसीएफ-७चं लायसेट हा या अँटिबॉडीसाठी उत्तम निगेटिव्ह कंट्रोल आहे. त्यात १७ला बँड आला तर अँटिबॉडीवर संशय घ्या, नाहीतर पेशींच्या शुद्धतेवर.

७. औषध दिल्यावर किती तासांनी पेशी काढू?

एकच आकडा नाही. स्टॉरोस्पोरिनला ३ तास पुरतात, डीएनएवर काम करणाऱ्या औषधांना १६ ते २४ किंवा त्याहून जास्त लागू शकतात. पहिल्यांदा करताना ४, ८, १६, २४ आणि ४८ तास असा टाइमकोर्स करा. तो टाळण्यासाठी लोक जेवढे ब्लॉट वाया घालवतात तेवढ्यात तो तीनदा झाला असता.

उशिरा काढलं तरीही गोंधळच. शरीरात मेलेली पेशी शेजारच्या पेशी गिळून टाकतात. प्लेटमध्ये गिळायला कोणी नसतं, म्हणून ती शेवटी फुटते आणि आतलं प्रोटीन मीडियात जातं. एमटीटी (जिवंत पेशी मोजायची रंगाची चाचणी) ४८ तासांना केली म्हणून ब्लॉटही ४८ तासांनाच, हे गणित चुकीचं. एमटीटीत पडझड दिसायच्या आधी काप पडून गेलेला असतो.

८. औषध न दिलेल्या पेशींतही फिकट बँड येतो. अँटिबॉडी खोटं बोलतेय का?

बहुधा नाही. प्रत्येक फ्लास्कमध्ये थोड्या पेशी मरतच असतात. पेशी फार दाट झाल्या, सिरम कमी पडलं, डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रव) जास्त झालं किंवा मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा जिवाणू) शिरला की हा फिकट बँड गडद होतो. नुसत्या डीएमएसओची लेन हवीच, 'अनट्रीटेड' तिची जागा घेऊ शकत नाही.

लायसेट बाकावर ठेवून चहाला गेला असाल तर तेही कारण. नेहमीचं प्रोटिएज इन्हिबिटर कॉकटेल कॅस्पेजना फारसं रोखत नाही, थंडावा आणि उकळणं रोखतं.

९. दूध की बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन)? डायल्यूशन किती? वापरलेली अँटिबॉडी परत वापरू का?

ब्लॉकिंग ५ टक्के दुधात, प्रायमरी, म्हणजे ही अँटिबॉडी, ५ टक्के बीएसएमध्ये, १:१०००, ४ अंशांवर रात्रभर, सेकंडरी (प्रायमरीला चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) सशाविरुद्धची. इथून सुरुवात करा. बँड फिकट असेल तर आधी प्रोटीन वाढवा, अँटिबॉडी नंतर.

परत वापरण्याबद्दल: पुस्तकी उत्तर नाही असं आहे. बाटलीची किंमत आणि ती यायला लागणारे आठवडे पाहता सगळे वापरतात, मीही वापरते. पण नळीवर तारीख आणि कितवी वेळ ते लिहा, ४ अंशांवर ठेवा, आणि महत्त्वाचा ब्लॉट ताज्या अँटिबॉडीवरच करा. टिकावी म्हणून सोडियम अ‍ॅझाइड घालत असाल तर मेंब्रेन नीट धुवा, कारण अ‍ॅझाइड एचआरपीला (सेकंडरीवरच्या, बँड उजळवणाऱ्या एन्झाइमला) बंद पाडतं. सेकंडरीत ते कधीच घालू नका.

१०. १७-१९ सोडून वरही बँड दिसतात. ते कसले?

३५च्या जवळ असेल तर पहिली शंका अशी की त्याच मेंब्रेनवर आधी टोटल अँटिबॉडी किंवा लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये प्रोटीन सारखं आहे का हे पाहायचं) म्हणून ३७चं जीएपीडीएच लावलं होतं आणि स्ट्रिपिंग (जुनी अँटिबॉडी धुऊन काढणं) पुरतं झालं नाही. मेंब्रेन २५च्या मार्करपाशी आडवं कापून खालचा भाग क्लीव्ड कॅस्पेजला आणि वरचा लोडिंग कंट्रोलला दिला तर ही कटकटच राहत नाही. कापण्याआधी पूर्ण मेंब्रेनचा पॉन्सो (सगळी प्रोटीन्स रंगवणाऱ्या) रंगाचा फोटो काढून ठेवा, जर्नलं हल्ली मागतात. इम्युनोप्रेसिपिटेशन केलं असेल तर २५ आणि ५०चे बँड अँटिबॉडीच्याच लाइट आणि हेवी चेनचे.

११. पॅराफिनच्या टिश्यूवर कसं करायचं? आणि कुठला तपकिरी रंग खरा मानायचा?

टिश्यू काढल्याबरोबर १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका. स्लाइडवर अँटिजेन रिट्रीव्हल लागतोच: सिट्रेट बफर, पीएच ६, उकळत्या उष्णतेत. बऱ्याच लॅबमध्ये यासाठी घरगुती प्रेशर कुकर आहे आणि तो उत्तम चालतो, फक्त शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. नंतर स्लाइड बफरमध्येच सावकाश थंड होऊ द्या. हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी गाळू नका, नाहीतर रक्तपेशीच तपकिरी दिसतील.

खरी रंगलेली पेशी एकटीदुकटी असते, आक्रसलेली, केंद्रक गोळा झालेलं किंवा तुटलेलं, आजूबाजूला मोकळी जागा. पूर्ण पट्टाच रंगला असेल तर तो नेक्रोसिसचा (पेशींच्या बेशिस्त मरणाचा) भाग किंवा स्लाइडची कड असण्याची शक्यता जास्त. तिथे सगळंच चिकटतं. स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी निरोगी असूनही रंगू शकतात. रॅटच्या टिश्यूत केंद्रकात फिकट पार्श्वभूमी दिसू शकते.

कंट्रोलसाठी टॉन्सिलमधलं जर्मिनल सेंटर किंवा थायमस घ्या, तिथे रोजच पेशी मरतात. उंदराचा भ्रूण मिळत असेल तर पंजा. बोटं सुटी होताना मधल्या पडद्यातल्या पेशी मरतात आणि त्या नेमक्या तिथेच रंगलेल्या दिसल्या की अँटिबॉडीवर शंका उरत नाही. प्रायमरीशिवायची आणि सशाच्या साध्या आयजीजीची अशा दोन स्लाइड सोबत ठेवा.

१२. फ्लोमध्ये (एकेक पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीमध्ये) अ‍ॅनेक्सिन-व्ही आणि ही अँटिबॉडी एकाच नळीत लावू का?

नको. अ‍ॅनेक्सिन जिवंत पेशीच्या बाहेरच्या पटलावर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतं, त्यासाठी पटल शाबूत हवं. ही अँटिबॉडी आत जायला हवी, त्यासाठी ४ टक्के पीएफए (पेशी जागच्या जागी घट्ट करणारं फॉर्मॅल्डिहाइड) आणि मग ९० टक्के थंड मिथेनॉल लागतं, आणि मिथेनॉल पटलातला मेदच धुऊन नेतं. नमुना दोन नळ्यांत वाटा. पीईसारखे प्रोटीनचे रंगही मिथेनॉलच्या आधी लावू नका, ते बिघडतात.

१३. उंदीर, रॅट, झेब्राफिश, फळमाशी... कशावर चालते?

माणूस, माऊस, रॅट आणि माकड यांत कापाजवळचा क्रम जुळतो, तिथे निर्धास्त वापरा. बाकीच्यांसाठी आधी स्वतःचा कंट्रोल लावा.

फळमाशीची गोष्ट मजेशीर आहे. या अँटिबॉडीने माशीच्या मरणाऱ्या पेशी छान रंगतात, म्हणून वर्षानुवर्षं लोक समजत होते की तिथे कॅस्पेज-३ सारखं ड्राइस दिसतंय. २०१० मध्ये दाखवून दिलं गेलं की तो रंग खरं तर ड्रॉंकच्या, म्हणजे माशीतल्या कॅस्पेज-९ सारख्या एन्झाइमच्या कामाची खूण आहे. ड्राइस नसलं तरी रंग येतो. माशीत वापरायला हरकत नाही, पण निबंधात वाक्य जपून लिहा.

१४. झेडव्हॅड (कॅस्पेज रोखणारं इन्हिबिटर) दिलं, पेशी वाचल्या, तरी १९चा बँड राहिलाच. इन्हिबिटर खराब आहे का?

बहुधा ठीक आहे. पहिला काप कॅस्पेज-८ किंवा ९ घालतात. इन्हिबिटरच्या हातून त्यांतलं थोडंसं जरी निसटलं तरी १९चा तुकडा बनतो. १९ वरून १७ करायचं काम मात्र मुख्यतः कॅस्पेज-३ स्वतः करतं, आणि ते तर बांधलं गेलेलं असतं. म्हणून १९ साचतं, १७ फिकं पडतं. एक्सआयएपी हे पेशीचं स्वतःचं अडसर-प्रोटीनही कापलेल्या कॅस्पेज-३ला धरून ठेवतं, तेव्हाही असंच चित्र दिसू शकतं.

थोडक्यात, कापलेलं असणं आणि काम करत असणं वेगळं. काम पाहायचं तर डीईव्हीडी सबस्ट्रेटची (कॅस्पेज-३ने कापल्यावर चमकणाऱ्या पदार्थाची) चमक मोजा किंवा पार्पचा ८९चा तुकडा पाहा. झेडव्हॅड औषधाच्या अर्धा ते एक तास आधी द्या, सोबत दिलं तर उशीर होतो.

१५. बँड आला, म्हणजे अपॉप्टोसिस सिद्ध झाला ना?

काप सिद्ध झाला. मरण नाही, मरणाचा प्रकार तर मुळीच नाही.

स्नायूंच्या पेशी घडताना, रक्तातल्या लाल पेशी परिपक्व होताना, चेतापेशींचे जोड कमजोर होताना कॅस्पेज-३ थोडंफार चालू होतं आणि पेशी जिवंत राहतात. सी२सी१२ (उंदराच्या स्नायूंच्या) पेशींना डिफरन्शिएट करून 'औषधाने विष झालं' असा निष्कर्ष काढलेला ड्राफ्ट मी तपासलाय.

दुसऱ्या बाजूने, २०१७ मध्ये असं दिसलं की पेशीत गॅसडर्मिन-ई भरपूर असेल तर कॅस्पेज-३ त्यालाच कापतं, पटलाला भोकं पडतात आणि पेशी फुगून फुटते. बँड तोच, मरण मात्र पायरॉप्टोसिसचं. आणि एनके किंवा टी (इतर पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशींसोबतच्या को-कल्चरमध्ये त्यांचं ग्रँझाइम-बी हे एन्झाइम थेट याच जागी काप घालतं.

म्हणून एक बँड कधीच एकटा पाठवू नका. काप, कापाचा परिणाम म्हणून पार्प, आणि पेशीचं रूप किंवा अ‍ॅनेक्सिन, असे तीन साक्षीदार आणा. झेडव्हॅडने मरण थांबलं तर चौथा. ट्युनेल (तुटलेलं डीएनए रंगवणारी चाचणी) चालेल, पण ते नेक्रोसिसमध्येही रंगू शकतं.

१६. इमेजजेमध्ये (चित्रातला बँड मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बँड तिप्पट निघाला. 'तिप्पट पेशी मेल्या' असं लिहू?

नका लिहू. सगळ्या पेशींत थोडा काप आणि थोड्या पेशींत पुरा काप, ब्लॉटवर दोन्ही सारखेच दिसतात. किती पेशी, हे फ्लो किंवा मायक्रोस्कोप सांगतात. शिवाय लोडिंग कंट्रोल म्हणून घेतलेलं अ‍ॅक्टिनही मरणाऱ्या पेशीत कॅस्पेजच्या तावडीत सापडू शकतं, म्हणून पॉन्सोवरून एकूण प्रोटीनशी तुलना जास्त प्रामाणिक. तीन स्वतंत्र प्रयोगांचे ब्लॉट हवेत. एकच लायसेट तीनदा चालवणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

१७. बाटली कशी ठेवू? शनिवार-रविवार लाइट गेली होती, आता टाकून देऊ का?

५० टक्के ग्लिसरॉल असलेली बाटली उणे २० ला गोठत नाही, म्हणून तिचे अलिकोट करायची गरज नाही. उणे ८० ला मात्र ती गोठते, तिथे ठेवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज बर्फ वितळवायला स्वतःच अधूनमधून गरम होतो, तोही टाळा. बाटली बाहेर काढली की बर्फावर, आणि आधी क्षणभर फिरवून थेंब खाली आणा. निम्मं द्रव झाकणातच असतं.

लाइट गेल्यावर: अँटिबॉडी हे दणकट प्रोटीन आहे. एक-दोन दिवस खोलीच्या तापमानाला राहिली म्हणून लगेच मरत नाही. कंट्रोलच्या लायसेटवर एक पट्टी लावून जुन्या ब्लॉटशी ताडून पाहा. बँड तेवढाच आला तर वापरा, बाटलीवर तारखेसह नोंद करा. एक्सपायरी उलटलेल्या बाटलीलाही हाच नियम. मात्र तळाशी पांढुरके कण दिसले तर आधी फिरवून वरचं द्रव तपासा, आणि वास किंवा बुरशी असेल तर विचार न करता फेका.